समाधानालाही पगार हवाच!

‘तुला कशाला हवी नोकरी? त्यापेक्षा समाजकार्य कर की!’ बी.ए. होऊन संसारात पडलेल्या माझ्यासारख्या प्रत्येकीने हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण बाईचं चांगलं काम म्हणजे फुकटचं काम, हे त्यात गृहीतच धरलेलं असतं.

मुळात फुकटचं काम आपण कमी करतो का? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं जातात. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची जातात अवघी ८८!

म्हणूनच ‘सामाजिक उद्योग’ ही कल्पना मला मोलाची वाटते. धंदा चोख करायचा, पण त्यातून समाजाचा एखादा प्रश्नही सोडवायचा. नाव नवं असलं तरी गोष्ट जुनीच आहे. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले आणि त्यातून ‘लिज्जत’ उभं राहिलं. तिथे पापड लाटणारी बहीण नोकर नसते, सहमालकीण असते. लाटण्याची मजुरी तर मिळतेच, शिवाय नफ्यातही वाटा असतो.

साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातलं म्हसवड घ्या. चेतना गाला सिन्हा यांनी तिथल्या बायकांची बँक काढायचं ठरवलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. कारण काय, तर प्रवर्तक बायका निरक्षर! मग त्या लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा मुंबई गाठली आणि व्याजाचा हिशोब तोंडी करून दाखवायची तयारी दाखवली. १९९७ मध्ये ‘माणदेशी’ बँकेला परवाना मिळाला. पुढे उद्योगाचं शिक्षण देणारी शाळा आली, रेडिओ केंद्रही आलं. यातून जवळपासच्या शिकलेल्या मुलींना, सुनांना काम मिळतं, तेही आपल्याच मुलखात. आपण भरून दिलेल्या कर्जाच्या अर्जातून एखादीची शेळी आली, दुकान उभं राहिलं, हे डोळ्यांनी बघायला मिळणं हे समाधान वेगळंच!

पण मैत्रिणींनो, बचत गटांच्या कामात फिरताना दुसरी बाजूही दिसते. ‘सेवा’ म्हटलं की पगाराचं ‘मानधन’ होतं आणि मानधन कधी मिळेल ते सांगता येत नाही. अंगणवाडीताईंचंच बघा ना. वर्षानुवर्षं काम करूनही ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य व्हायला २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला.

तेव्हा अशा संस्थेत जाताना बिनधास्त विचारा. नेमणुकीचं पत्र देणार का? पगार किती आणि कुठल्या तारखेला? भविष्य निर्वाह निधी कापला जातो का? बाळंतपणाची रजा आहे का? वर्षाचा हिशोब सगळ्यांसमोर मांडतात का? आणि निर्णय घेणाऱ्यांत बायका किती?

असं विचारलं म्हणजे आपण लोभी ठरत नाही. जी संस्था गरीब बाईला तिच्या कष्टाचं मोल मिळवून देते म्हणते, तिने आपल्याकडे राबणाऱ्या बाईचंही मोल द्यायला नको का? समाधान आणि पगार काही एकमेकींच्या सवती नाहीत. दोघी एकाच घरात सुखाने नांदू शकतात!