हिशेब गोळ्यांचा

फायरिंग रेंजवर प्रत्येक रिकामे काडतूस मोजून जमा करावे लागते. एक जरी कमी भरले तरी सगळी तुकडी गवतात शोधत बसते. घरातल्या औषधाच्या गोळ्यांचा मात्र कोणी हिशेब ठेवत नाही. मीही ठेवला नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत मी जयपूरला, सी-स्कीममध्ये मामाकडे गेलो होतो. एका सकाळी आजी म्हणाली, "बाळा, माझी बीपीची गोळी दे रे." मी बिस्किटांच्या डब्यातली पट्टी काढून दिली. दुपारी आजी घेरी येऊन पडली. हाड मोडले नाही, हे नशीब. डॉक्टरांनी पट्टी पाहिली. त्या गोळीने चक्कर येते म्हणूनच त्यांनी वर्षापूर्वी ती बंद करून कमी ताकदीची दिली होती. जुनी पट्टी डब्यातच राहिली होती. मुदत संपायला अजून दोन महिने होते. म्हणजे फक्त तारीख पाहून भागत नाही. बंद झालेले औषधही घरात नको.

संध्याकाळी मामीने आणि मी डबा रिकामा केला. 23 पट्ट्या, 4 बाटल्या. त्यांत अर्धवट सोडलेले अँटिबायोटिकचे कोर्स. "पैसे मोजून आणलेलं टाकवत नाही रे," मामी म्हणाली. पण टाकायचे तरी कुठे? औषधाच्या दुकानदाराने परत घेतले नाही. कचऱ्याच्या गाडीत, म्हणजे तिथल्या 'हूपर'मध्ये, सगळे एकत्र जाते. नाल्यात टाकले तर अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतू वाढायला मदत होते.

"एवढ्याशा गोळ्यांनी काय होतंय?" असे कोणी म्हणेल. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे, त्यांची मढी खाणारी आपली गिधाडे जवळजवळ संपली. 2006 मध्ये त्या औषधावर जनावरांसाठी बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता. औषधाचे काम आपल्या पोटातच संपते असे नाही.

2016 च्या घनकचरा नियमांनी मुदत संपलेली औषधे 'घरगुती घातक कचरा' ठरवली. केरळने 2025 मध्ये कोझिकोडपासून ती गोळा करण्याची योजना सुरू केली. इतरत्र अशी सोय होईपर्यंत आपण एवढे तरी करू शकतो: गोळ्या पट्टीतून काढून वापरलेल्या चहापत्तीत कालवाव्यात, पिशवीत घट्ट बांधाव्यात आणि घातक कचरा म्हणून वेगळ्या द्याव्यात. पट्टी कापावी, चिठ्ठीवरचे नाव खोडावे. सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत ठेवाव्यात. इनहेलर जाळू नये, फोडू नये. ट्रॅमाडॉल, फेंटानिल यांसारखी 17 औषधे मात्र शौचालयात टाकून पाणी सोडावे, असे केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने 2025 मध्ये सांगितले आहे. कारण ती चुकून दुसऱ्याच्या पोटात गेली तर जिवावर बेतू शकते.

माझी सूचना साधी आहे. आपल्या एमआय रूमबाहेर एक कुलूपबंद पेटी ठेवावी. प्रत्येक कॅडेटने सुट्टीहून येताना घरातली नको असलेली औषधे आणावीत, नोंद करून पेटीत टाकावीत, आणि शाळेने ती रुग्णालयाच्या कचऱ्याबरोबर पाठवावीत. पालकांनीही डॉक्टरांनी गोळी बदलली की जुनी पट्टी त्याच दिवशी डब्याबाहेर काढावी.

आजी आता बरी आहे. त्या डब्यात पुन्हा बिस्किटे आली आहेत. पण त्या दिवशी गोळी मी दिली होती, हे मी विसरलेलो नाही.