कुरळ्या केसांना जवसाची खळ



गेल्या महिन्यात माझी धाकटी बहीण लेकीला घेऊन आमच्या पंचवटीतल्या घरी आली. भाची पंचवीस वर्षांची, नोकरी करणारी, चुणचुणीत. केस मात्र आमच्या आईच्या वळणावर गेलेले, दाट आणि कुरळे. बहिणीनं चपला काढता काढताच विषय काढला, "ताई, पुढच्या रविवारी पाहुणे येणार आहेत हिला बघायला. म्हटलं, त्याआधी केस सरळ करून घ्यावेत. पार्लरवालीनं सहा हजार सांगितलेत. तू जरा समजाव हिला."

भाची काहीच बोलली नाही. मी चहा गाळत होते, तेव्हा स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "मावशी, सरळ केस बघून त्यांनी होकार दिला आणि लग्नानंतर मुळातून कुरळे यायला लागले, तर? मग मी त्यांना काय सांगायचं?"

तिचं बरोबरच होतं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. साखरपुड्यापासून लग्नापर्यंत सहा महिने धरले, तर मांडवात बोटभर केस कुरळे आणि खाली सरळ! म्हणजे पुन्हा पार्लर, पुन्हा पैसे, आणि हे किती वर्षं?

दुसरी गोष्ट पैशाहून मोठी आहे. केस सरळ करायच्या काही औषधांतून तापवल्यावर फॉर्माल्डिहाइडची वाफ निघते, ती डोळ्यांना आणि छातीला वाईट. हल्ली काही औषधांत त्याऐवजी ग्लायऑक्सिलिक आम्ल असतं. २०२४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये फ्रान्सच्या डॉक्टरांनी एका २६ वर्षांच्या तरुणीची हकिगत दिली. तिनं तीनदा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. लावलेल्या मलमात हेच आम्ल होतं. प्रत्येकीला असं होईल असं नाही. पण डब्यावर काय लिहिलंय ते न वाचता डोकं पुढे करू नये, एवढं तरी आपण शिकावं.

दोष केसांचा की आपला?

माझंही लहानपण याच केसांत गेलं. आई तेलानं डोकं चोपडून अशा घट्ट वेण्या घालायची, की डोळे ताणले जायचे. एकदा वर्गात बाई म्हणाल्या, "काय हे सुगरणीचं घरटं!" सगळा वर्ग हसला. त्यानंतर तीस वर्षं मी केस अंबाड्यात कोंबून ठेवले. आणि गंमत पाहा, आपल्या भाषेत ‘अलक’ म्हणजे कुरळी बटच! मुलीचं नाव हौसेनं अलका ठेवायचं, आणि डोक्यावर खऱ्या अलका आल्या की त्यांना शिप्तर म्हणायचं.

कुरळा केस राठ का होतो, ते समजून घ्या. टाळूतून सुटणारं तेल सरळ केसावरून सुरळीत खाली उतरतं. कुरळ्या केसात ते कसारा घाटातल्या ट्रकसारखं वळणावळणावर रेंगाळतं आणि टोकापर्यंत पोचतच नाही. म्हणून मुळाशी तेलकट आणि टोकाला कोरडं. त्यात केसाच्या अंगावर कौलांसारखे बारीक पापुद्रे असतात. कोरड्या केसात बारीक दातांची फणी ओढली किंवा न्हाऊन आल्यावर पंचानं सटासट केस झटकले, की ही कौलं उचकटतात आणि केस फुगतो.

आपल्या नाशिकची हवाही लक्षात घ्या. डिसेंबर-जानेवारीतला गारठा कोरडा. ओठ फुटतात तसे केसही रखरखीत होतात. नव्या वसाहतींतून नळाला बोअरचं पाणी असेल तर त्यात क्षार असतात. ज्या पाण्यानं बादलीला पांढरा थर धरतो, त्याच पाण्यानं केसावरही बसतो. न्हाणं बोअरच्या पाण्यानं केलंत, तरी शेवटचे दोन तांबे धरणाच्या किंवा गाळणीच्या पाण्याचे घ्या.

आता उपाय. दुकानात ‘लीव्ह-इन कंडिशनर’ नावाच्या बाटल्या मिळतात. म्हणजे न्हाल्यावर ओल्या केसांना लावायचं आणि न धुता तसंच राहू द्यायचं. त्याला घरचा जोडीदार आपल्या चटणीच्या डब्यातच आहे, तो म्हणजे जवस. कोणी अळशी म्हणतात. जवसाच्या सालीत बुळबुळीत चीक असतो, तो उकळल्यावर पाण्यात उतरतो. केसावर त्याचा पातळ लेप बसला, की पिंजारलेले केस एकमेकांना धरून राहतात, बट जमते आणि ओल लवकर उडत नाही. सुती साडीला खळ देतो ना, तशातलाच हा प्रकार.

साहित्य

पाव वाटी कच्चा जवस (चटणीसाठी भाजलेला किंवा कुटलेला चालणार नाही), दोन वाट्या पाणी, खोबरेल तेलाचे तीन-चार थेंब. जवस रविवार कारंजा, भद्रकालीकडे किंवा तुमच्या नेहमीच्या किराणा दुकानात मिळेल. निवडून, चाळून घ्या.

कृती

जाड बुडाच्या पातेल्यात जवस आणि पाणी एकत्र करून मध्यम आचेवर ठेवा. उकळी आली की आच मंद करा आणि ढवळत राहा, नाहीतर बी तळाला चिकटतं. सात ते दहा मिनिटांत पाणी दाटू लागेल. चमचा वर उचलला की अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार लोंबली पाहिजे. तार दिसली की लगेच गॅस बंद. थोडी पातळ वाटली तरी हरकत नाही, निवल्यावर आणखी दाटते.

आणि आता खरी मेख: गरम असतानाच गाळा. पहिल्या वेळी मी "निवू दे, मग बघू" म्हणून भाजी चिरायला बसले. तासाभरानं पातेल्यात असा गोळा, की गाळणीतून थेंब उतरेना! सगळं फुकट गेलं. तेव्हा गाळणी किंवा नायलॉनचा स्वच्छ धुतलेला पायमोजा भांड्यावर आधीच ताणून ठेवा आणि मिश्रण त्यात ओता. हाताला चटका बसेल, म्हणून चमच्यानं दाबून काढा. वाटीभर खळ निघते. गाळणीतून गाळली असेल तर उरलेलं बी टाकू नका. थालीपिठाच्या पिठात छान मिसळून जातं.

लावायची कशी?

न्हाऊन झाल्यावर केस ओलेच असताना मोठ्या दातांच्या कंगव्यानं टोकापासून वर वर जात गुंता सोडवा. खळ दोन-तीन पोह्याचे चमचे घ्या (केस खांद्याच्या वर असतील तर एकच पुरे) आणि तळहातावर पसरून टोकांकडून मधल्या केसांपर्यंत लावा. टाळूला चोळू नका. मग खाली वाकून केस ओंजळीत घेऊन वरच्या बाजूला हलकेच दाबा, जणू भिजवलेल्या शेवया निथळतोय. पाणी टिपायला खरखरीत टॉवेल नको, जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा घ्या. आणि मग वाळेपर्यंत हात लावायचा नाही! आपल्याला हेच सर्वांत कठीण जातं.

वाळल्यावर केस जरा कडक लागतील, घाबरू नका. खळीची साडी झटकून मऊ करतो ना, तसं तळहाताला खोबरेलाचे थेंब चोळून केस मुठीत हलकेच दाबा. कडकपणा मोडतो, बट राहते.

हे लक्षात ठेवा

घरची खळ नाशवंत आहे. काचेच्या बाटलीत, फ्रीजमध्ये, फार तर आठवडाभर. वास बदलला, पाणी सुटलं की फेकून द्या. जास्त झाली तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि लागेल तसा एकेक खडा काढा.

पहिल्यांदा लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून दिवसभर पाहा. खाज किंवा पुरळ आलं तर नको. टाळूवर कोंडा, फोड असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा.

दर न्हाणीला आधीची खळ नीट धुवून काढा. थरावर थर चढला की केसांतून पांढरा भुसा पडतो, आणि लोक म्हणतात कोंडा झाला.

खळीनं केस सरळ होणार नाहीत, लांब होणार नाहीत, गळायचेही थांबणार नाहीत. केस फारच राठ असतील, तर न्हाताना नेहमीचं कंडिशनर लावून धुवा आणि मगच खळ लावा. पावसाळ्यात खळ निम्मी घ्या आणि ओल्या केसांची वेणी घालू नका, कुबट वास येतो.

भाचीनं शनिवारी माझ्याकडेच न्हाऊन खळ लावली. रविवारी पुढचे केस मागे घेऊन एक पिन लावली, बाकी मोकळे सोडले. पाहुण्यांपैकी एका बाईंनी विचारलंच, "केस असेच आहेत का?" ती म्हणाली, "हो, आजीसारखे." निरोप अजून आलेला नाही. येईल तो येवो; आला तर खऱ्या केसांना पाहून आलेला असेल.

काल रात्री मात्र बहिणीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "ताई, जवस किती घ्यायचा म्हणालीस? पाव वाटी ना?"

तिचेही केस कुरळेच आहेत. लग्न झाल्यापासून अंबाड्यात आहेत.