अण्णासाहेबांच्या नावानं चांगभलं!

गेल्या वर्षी श्रावणात जुन्या हुबळीत अण्णासाहेब किर्लोस्करांच्या स्मरणार्थ नाट्यगीतांची एक रजनी झाली. मंडळाचे नाव सांगत नाही, कारण हे एका मंडळाचे पाप नव्हे. बेळगावापासून पुण्यापर्यंत असल्या रजनींचा साचा एकच आहे आणि मीही आजवर मुकाट्याने टाळ्या वाजवत आलो आहे. पण त्या रात्री घरी परतताना रिक्षात नातीने विचारले, "आजोबा, गाणी छान होती. पण ती सुभद्रा रडत का होती?"

माझी बोलती बंद झाली. नात इंग्रजी शाळेत जाते, गल्लीत कानडी बोलते आणि मराठी तेवढी आमच्याशी. तिला मराठी नाटकाची गोडी लागावी म्हणून मी हौसेने घेऊन गेलो होतो. तीन तास बसून तिला जे कळले नाही, ते दोन वाक्यांत सांगता आले असते. सुभद्रेचे मन अर्जुनावर जडलेले आहे. तो तीर्थयात्रेला निघून गेला आहे आणि थोरला भाऊ बलराम तिला दुर्योधनाच्या गळ्यात बांधायला निघाला आहे. बस्स. पण निवेदक महाशय 'स्वरांच्या चांदण्यात न्हाऊन निघण्यात' गुंतले होते. त्यांना सुभद्रेसाठी वेळ कुठला?

आधी श्रेय देतो, कारण ते देण्यासारखे आहे. पाऊस कोसळत असताना सभागृह भरले होते. गाणाऱ्यांत दोघांची घरची भाषा कानडी. मराठी पदे त्यांनी कानडी लिपीत उतरवून घेतली होती आणि उच्चार असे स्वच्छ की आमच्या घरातल्या पोरांनी लाजावे. पेटी-तबल्याची साथ नेटकी. एके काळी रात्रभर चालणारे अख्खे 'सौभद्र' आज उभे करायचे म्हणजे पोशाख, पडदे आणि गाऊ शकणारे डझनभर नट लागतात. ते कुठल्याही हौशी मंडळाच्या खिशाला परवडणारे नाही. अशा दिवसांत ही पदे निदान कानावर तरी पडतात, ती या रजनींमुळेच. हे ऋण मी नाकारत नाही.

पण ऋण मान्य केले म्हणून सावकाराची लबाडी पोटात घालायची काय?

पहिली गोष्ट. रजनी अण्णासाहेबांची, आणि निम्म्याहून अधिक पदे 'मानापमान' व 'स्वयंवर' यांतली! अण्णासाहेब वारले १८८५ च्या २ नोव्हेंबरला. 'मानापमान' आले १९११ साली, 'स्वयंवर' १९१६ साली. दोन्हींचे शब्द खाडिलकरांचे. चाली पहिल्यात गोविंदराव टेंब्यांच्या, दुसऱ्यात भास्करबुवा बखल्यांच्या. थोर मंडळी, थोर चाली. पण श्राद्ध एकाचे आणि पिंड दुसऱ्याला, हा कुठला न्याय? शाकुंतल आणि सौभद्र मिळून शेकड्यांनी पदे आहेत. त्यांतली ठरावीक सहा-सातच आपण आलटून पालटून गातो आणि उरलेली जागा उसनवारीने भरून काढतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. अण्णासाहेबांनी नेमके केले काय? त्यांच्याआधी विष्णुदास भाव्यांच्या धाटणीच्या नाटकांत गाण्याचा भार सूत्रधारावर असे. तो गाई आणि पात्रे त्यावर अभिनय व भाषण करीत. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'शाकुंतल'चे पहिले चार अंक झाले, तेव्हा पात्र स्वतः बोलता बोलता गाऊ लागले. पद हा संवादाचाच भाग झाला. १८८२ च्या 'सौभद्रा'त तर रुसलेल्या रुक्मिणीची समजूत घालणारा कृष्णही पदातूनच बोलतो. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत, लावणी असल्या सोप्या, लोकांच्या ओठांवरच्या घाटांत त्यांनी पदे बांधली ती यासाठीच: शब्द आधी कळावा, गोष्ट पुढे सरकावी.

आणि आपण काय करतो? पद पात्राच्या तोंडून काढून घेतो आणि गवयाच्या हवाली करतो. त्या रात्री सुभद्रेचा आकांत चांगला दहा-बारा मिनिटे चालला. तानांवर ताना, सम आली की वाहवा! जिला आधार द्यायला कुणी उरले नाही, ती मुलगी ताना घेत बसेल काय? तुम्ही म्हणाल, बालगंधर्वही पद रंगवीत. रंगवीत खरे, पण लोकांना समोर पात्र दिसत होते, गोष्ट ठाऊक होती. इथे पात्रही नाही आणि गोष्टही नाही. म्हणजे अण्णासाहेबांच्या नावाने आपण १८८० च्याही मागे गेलो. मागे तरी कसले? भाव्यांचा सूत्रधार निदान कथा तरी सांगत असे!

तिसरी गोष्ट आपल्या मुलखाची. अण्णासाहेब जन्मले १८४३ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी. हुबळीहून सकाळच्या बसने निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला तिथे पोहोचेल. त्यांच्या कानांवर कानडी पदे होती आणि आपल्या नाटकांतल्या कितीतरी पदांना त्यांनी त्याच चाली दिल्या. निवेदकाने यातला चकार शब्द काढला नाही. मात्र माझ्या शेजारी बसलेल्या, घरची भाषा कानडी असलेल्या आज्जी एका पदाबरोबर हलकेच कानडी शब्द गुणगुणू लागल्या. "इदु नम्म हाडु," म्हणाल्या. हे आमचं गाणं! व्यासपीठावरून जे कुणी सांगितले नाही, ते त्यांनी सांगितले.

यात आपली मान खाली जाण्यासारखे काय आहे? १८४२ साली कर्कीच्या भागवत मंडळींचा खेळ सांगलीत झाला, त्यातून १८४३ साली भाव्यांचे 'सीतास्वयंवर' निघाले. पुढे मराठी मंडळ्या या भागात गाजू लागल्या, तेव्हा गदगच्या शांतकवींनी ईर्ष्येने कानडी नाटक मंडळी उभी केली. आपल्या शेजारच्या कुंदगोळचे सवाई गंधर्व कानडी घरातले. त्यांनी मराठी रंगभूमी गाजवली. ही देवघेव लपवून आपण अण्णासाहेबांना मोठे करीत नाही, उलट निम्मे करतो. मग दोन्ही भाषांत वाढणाऱ्या मुलांना वाटते की मराठी ही आजोबांच्या जुन्या ट्रंकेतली वस्तू आहे, आपल्या गल्लीशी तिचा संबंध नाही.

"एवढं सगळं कोण करणार हो, गुरुजी?" असे एक कार्यकर्ते मला म्हणाले. फार काही करायचे नाही. १९७६ साली लंडनमध्ये स्टीफन सोंडहाइम या अमेरिकन गीतकाराच्या गाण्यांचा असाच कार्यक्रम झाला, फार गाजला. गाणारे तिघे, पियानो दोन आणि एक निवेदक. पोशाखी नाटकाचा बडेजाव नाही. तुमच्याकडे गाणारे आहेत, पेटी आहे, निवेदकही आहे. त्याच्या हातातले चांदणे काढून घ्या आणि गोष्ट द्या. बारा पदांऐवजी आठ घ्या, पण आठही अण्णासाहेबांची. प्रत्येक पदाआधी चार ओळींचा गद्य संवाद दोघांनी बोलावा. आणि ज्या पदाची मूळ कानडी चाल कुणाला येत असेल, ती आधी कानडीत म्हणू द्या, पाठोपाठ मराठी पद. त्यासाठी व्यासपीठावर बोलवायला आमच्या शेजारच्या आज्जी तयार आहेत. मी विचारून ठेवले आहे.

नातीला मी त्या रात्री घरी आल्यावर सौभद्राची गोष्ट सांगितली. घटोत्कच सुभद्रेला उचलून नेतो, तिथे ती उठून बसली. मग म्हणाली, "आता ते गाणं परत लावा." आम्ही लावले. या खेपेला तिने शेवटपर्यंत ऐकले आणि मधल्या दोन शब्दांचे अर्थ विचारले.

मंडळाने यंदाच्या रजनीची वर्गणी मागितली आहे. मी देणार आहे. पावतीच्या मागे मात्र वरची आठ पदांची अट लिहून देईन म्हणतो.