गाडीचा विंच आणि बंपर

गेल्या श्रावणांत एके रात्रीं वहिनींच्या छातींत कळा येऊं लागल्या. त्यांना दवाखान्यांत नेतांना आमची जीप गांवच्या कच्च्या वाटेवर चिखलांत रुतली. वाडींतील मंडळी दोर घेऊन येईपर्यंत दीड तास गेला. वहिनी सुदैवानें बऱ्या झाल्या. परंतु तो दीड तास घरांतील कोणीच विसरलें नाहीं. म्हणून यंदा पुतण्यानें गाडीस विजेचा विंच व पोलादी बंपर बसविण्याचा बेत मांडला, तेव्हां खर्चाची कुरकुर कोणीं केली नाहीं. दुकानदाराचा कागद मात्र माझ्यापुढें आला, आणि जुन्या संवयीनें मीं त्यावर तांबडी शाई चालविली.

पहिली चूक वजनाची. त्यानें रिकाम्या गाडीचें वजन धरलें होतें. गाडी रुतते ती माणसें व सामान यांसह. म्हणून भरल्या गाडीचें कमाल वजन घेऊन त्याची दीडपट करावी. 2200 किलोच्या गाडीस 3300 किलो, म्हणजे सुमारें 7300 पौंड ओढ लागते. तिला निदान 8000 पौंडांचा विंच हवा. शिवाय पेटीवर छापलेली ओढ ही ढोलावरील दोराच्या सर्वांत आंतल्या थराची असते. थर चढत गेले कीं त्रिज्या वाढते व ओढ घटते; चौथ्या थरावर ती सुमारें दोन-तृतीयांशच उरते. म्हणून चिखलाच्या मुलुखांत 9500 पौंडांचा घेणें शहाणपणाचें. कप्पीवरून दोर दुहेरी घेतल्यास ओढ जवळजवळ दुप्पट होते, वेग मात्र निम्मा.

दुसरी चूक जोडणीची. विंच ओढूं लागला कीं सारा भार तो ज्या पट्टीवर बसला आहे तिच्यावर येतो. ती पट्टी गाडीच्या चासीलाच जखडलेली पाहिजे. कागदावर जुन्या बंपरच्या पातळ पत्र्याचा आधार दाखविला होता! तसेंच पूर्ण भारावर विंच 400 अँपियरच्या आसपास प्रवाह ओढतो. म्हणून जाड तारा थेट बॅटरीपासून आणाव्या आणि इंजिन चालूं ठेवावें.

तिसरी गोष्ट बंपरची. जड पोलादी बंपर धडकेचा धक्का शोषण्याची मूळची व्यवस्था बदलतो. त्यानें एअरबॅगच्या उघडण्यांत घोटाळा होऊं शकतो, आणि पादचाऱ्यास अधिक इजा होते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानें डिसेंबर 2017 मध्यें राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड व बुल बार यांवर कारवाई करण्यास सांगितलें होतें. मोटार वाहन कायदा, 1988 चें कलम 52 हें मनमानी फेरफारास आडवें येतें. म्हणून मूळचा बंपर राखून त्यामागें लपणारी पट्टी आम्ही पसंत केली, आणि परिवहन कार्यालयास आधीं विचारून घेतलें.

दोर कोणता? पोलादी दोर घासणुकीस टिकाऊ, पण तुटला तर चाबकासारखा उसळतो. कृत्रिम तंतूंचा दोर हलका व तुटल्यास कमी घातक. त्याला ऊन आणि खडकाची धार मात्र सोसत नाहीं. आम्हीं दुसरा घेतला. कोणताही असो, कांहीं वेढे ढोलावर राहिलेच पाहिजेत: पोलादी दोराचे निदान 5, तंतूंच्या दोराचे 8 ते 10. झाडाला दोर थेट न बांधतां रुंद पट्टा बांधावा, हातमोजे घालावे, ताणलेल्या दोरावर जाड घोंगडी टाकावी. मोटेचा नाडा ताणलेला असतां माझे वडील आम्हां मुलांना धावेजवळ फिरकूं देत नसत. तोच नियम येथें.

गेल्या रविवारीं फणसाच्या झाडाशीं चाचणी झाली. मुलें ओटीवर, पुरुष दोराच्या रेषेबाहेर. वहिनींनीं विचारलें, “आतां दीड तास लागणार नाहीं ना रे?” पुतण्या म्हणाला, “पंधरा मिनिटें, आई.” मीं वहींत तीस लिहून ठेविलीं. घाईनें अडकविलेला आंकडा सुटला, तर वांचविलेल्या पंधरा मिनिटांची किंमत कोणाला तरी भरावी लागेल.