केरसुणीची पूजा आणि जपानची आरती

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी महाराष्ट्रात घरोघरी नवी केरसुणी पाटावर बसते. तिला हळदकुंकू वाहतात, लक्ष्मी म्हणून तिच्यापुढे हात जोडतात. वर्षाचे बाकीचे दिवस तीच केरसुणी दाराआड उभी असते आणि तिच्यावर पोट भरणाऱ्याला आपण दाराबाहेर उभे करतो. या आपल्या जुन्या पूजेला अलीकडे एका नव्या आरतीची जोड मिळाली आहे. ती म्हणजे जपानची आरती.

आठ दिवस टोकिओ पाहून आलेला गृहस्थ तीन गोष्टी सांगितल्यावाचून राहत नाही. रस्त्यावर कागदाचा कपटा दिसत नाही. मुले आपली शाळा आपण झाडतात. आणि 2022 साली कतारला फुटबॉलचा सामना संपल्यावर जपानी प्रेक्षकांनी आसनांखालचा कचरा वेचला. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. माझे भांडण आहे ते शेवटच्या सुस्काऱ्याशी: "त्यांच्या रक्तातच आहे हो ते!"

मी निजामपुऱ्यात राहणारा, मॅट्रिकच्या पुढे न गेलेला, मुलांना शिकवून उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा मास्तर आहे. जपान मी पाहिलेला नाही. परंतु आमच्या भिवंडीच्या मागांच्या खडखडाटात वाढलेला माझा एक विद्यार्थी आठ वर्षे टोकिओच्या एदोगावा प्रभागात संसार थाटून आहे. तेथे भारतीयांची मोठी वस्ती आहे. आपल्या अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक 2019 साली त्याच प्रभागाच्या सभेवर निवडून आले होते. पाहुण्याला अंगण दिसते, भाडेकरूला मोरी दिसते. म्हणून मी पाहुण्यापेक्षा भाडेकरूचे अधिक ऐकतो.

तो म्हणतो, "सर, रक्तात काही नसतं. इथं कचऱ्याचं वेळापत्रक असतं." जळणारा कचरा ठरलेल्या वारी, प्लास्टिक दुसऱ्या वारी, बाटल्या आणि डबे तिसऱ्या वारी. कावळ्यांनी पिशव्या फाडू नयेत म्हणून वर जाळी. वार चुकला तर पिशवी कोणी उचलत नाही; तिच्यावर चिठ्ठी लागते आणि सगळी आळी ती वाचते. 1995 साली टोकिओच्या भुयारी रेल्वेत विषारी वायूचा हल्ला झाला, त्यानंतर सार्वजनिक जागांतल्या कचराकुंड्या मोठ्या प्रमाणावर हटवल्या गेल्या. लोक आपला कचरा खिशात घालून घरी नेतात. आपण दिवाळीपूर्वी घर काढतो, तसे तेही नव्या वर्षापूर्वी डिसेंबरात घर, दुकान, कचेरी घासूनपुसून घेतात.

आणि हे सारे पिढ्यान्‌पिढ्यांचे पुण्य म्हणावे, तर तेही नाही. 1964 च्या ऑलिंपिकपूर्वी टोकिओच्या नद्या घाणीने सडत होत्या. एदोगावाला लागून असलेल्या कोतो प्रभागात साऱ्या शहराचा कचरा येऊन पडे. माश्यांनी तेथील लोकांचे जिणे नकोसे झाले होते. 1971 साली टोकिओच्या राज्यपालांनी कचऱ्याविरुद्ध चक्क 'युद्ध' पुकारले. सुगिनामी प्रभाग आपल्या हद्दीत कचरा जाळण्याची भट्टी होऊ देत नव्हता, म्हणून कोतोवाल्यांनी त्याच्या गाड्या अडवल्या. ज्याचा कचरा त्याने निस्तरावा, एवढाच त्यांचा आग्रह होता. रक्ताचा येथे संबंध काय? हे भांडून मिळवलेले नागरिकत्व आहे!

जपान म्हणजे देवलोक आहे, असेही कोणी समजू नये. परदेशी माणसाला घर भाड्याने देण्यास नकार देणारे मालक तेथे आहेत. अतिश्रमाने येणाऱ्या मरणाला त्यांच्या भाषेत 'कारोशी' असा स्वतंत्र शब्द आहे. कातडी कमावणारे, जनावरे कापणारे यांना अस्पृश्य लेखण्याची चाल तेथेही होती. 1871 च्या फर्मानाने ती कायद्यातून गेली. पण लग्न जुळवताना 'बुराकुमिन' घराणे तर नाही ना, याची चौकशी पुढेही होत राहिली. म्हणजे आपला रोग त्यांनाही ठाऊक आहे. पण शाळेतला झाडू त्यांनी त्या रोगापासून वाचवला. रोज पंधरा-वीस मिनिटे वर्गातली सगळी मुले पाळीपाळीने झाडतात, ओल्या फडक्याने जमीन पुसतात, पुष्कळ ठिकाणी संडासही धुतात. त्यात डॉक्टरचा मुलगा आणि हमालाचा मुलगा असा भेद नाही.

मी हे माझ्या वर्गात करू पाहिले. हजेरीच्या क्रमाने पाळी लावली, पहिली पाळी स्वतः घेतली. चौथ्या दिवशी एक पालक आले. "मास्तर, पोराला शिकायला पाठवलं आहे, झाडूवाला करायला नव्हे!" हेच गृहस्थ आठवड्यापूर्वी एका समारंभात जपानी मुलांची आरती ओवाळून गेले होते. आरतीला त्यांची ना नव्हती. प्रसाद तेवढा त्यांना नको होता.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपल्याकडे शाळेत मुलांना झाडू दिला जात नाही असे नाही. पण तो कोणाच्या हाती जातो? मुलींच्या, किंवा ज्यांचे आडनाव पाहून मास्तरांनी मनाशी काही ठरवले आहे त्या मुलांच्या. हे जपानचे अनुकरण नव्हे, हे मनूचे अनुकरण आहे! अशा झाडूविरुद्ध जो बाप तक्रार घेऊन येईल, त्याच्या बाजूने मी उभा राहीन.

धडा घ्यायला टोकिओस जाण्याचीही गरज नव्हती. गाडगेबाबा गावात आले की आधी गाव झाडीत आणि मग कीर्तनाला उभे राहत. आपल्या कोकणातले अप्पासाहेब पटवर्धन जन्माने ब्राह्मण. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात मैलासफाईचे काम आपल्याला मिळावे म्हणून त्यांनी उपवास केला. एकाची आपण तसबीर लावली, दुसऱ्याला विसरलो, आणि आता जपानकडे पाहून सुस्कारे टाकतो आहोत.

तेव्हा वाचकहो, फराळाच्या ताटाशी जपानची गोष्ट निघाली तर जरूर निघू द्या. मात्र सांगणाऱ्याला एक विचारा: तुमच्या घरात केर कोण काढते? आणि पाडव्याच्या सकाळी रात्रीच्या फटाक्यांचा कचरा दारात पडलेला असेल, तेव्हा ती पूजलेली केरसुणी घरातल्या मुलाच्या हाती द्या. मुलीच्या नव्हे, मोलकरणीच्या नव्हे, मुलाच्या. तो कुरकुरेल. आजी रागावेल. खुशाल रागावू द्या.