इलेक्ट्रिक गाडीत ऑल-व्हील-ड्राइव्ह: घरच्या गाडीला त्याची खरंच गरज आहे का?

जानेवारी २०१९ मध्ये टाटाची हॅरियर बाजारात आली, तेव्हा गाडीप्रेमींची एक तक्रार होती. एवढी मोठी, दणकट दिसणारी एसयूव्ही, पण ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना. फोर-बाय-फोर कुठंय? डिझेल हॅरियरमध्ये ते आलंच नाही. आलं ते थेट जून २०२५ मध्ये, इलेक्ट्रिक हॅरियरमध्ये.

त्यामुळे आता शोरूममध्ये नवा प्रश्न विचारला जातो. ७५ किलोवॅट-तास बॅटरीची वरची श्रेणी एका मोटरसह बाजारात आली ती २७ लाख ४९ हजार रुपयांना (एक्स-शोरूम). दोन मोटरची, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी २८ लाख ९९ हजारांना. फरक दीड लाखाचा. 'एवढे घालतोयच, तर अजून दीड घालू' असं म्हणायचं का?

घरात एकच मोठी गाडी घ्यायची असेल आणि त्यासाठी पाच-सात वर्षांचं कर्ज काढायचं असेल, तर उत्तर देण्याआधी हे तंत्रज्ञान नेमकं काय करतं ते समजून घेतलेलं बरं.

इलेक्ट्रिक गाडीत चारही चाकं चालतात कशी?

डिझेल किंवा पेट्रोल गाडीत इंजिन एकच असतं. चारही चाकांपर्यंत ताकद न्यायची तर गाडीच्या पोटाखालून लांब शाफ्ट, जादा गिअरची पेटी आणि डिफरन्शियल लागतात. वजन वाढतं, मायलेज घटतं, देखभाल वाढते.

इलेक्ट्रिक गाडीत हा सगळा पसारा नाही. पुढच्या चाकांना एक मोटर, मागच्या चाकांना दुसरी. दोन्हींना जोडणारा शाफ्ट नाही, फक्त वायरी आणि सॉफ्टवेअर. कोणत्या मोटरला किती ताकद द्यायची, हे कॉम्प्युटर सेकंदाच्या छोट्याशा भागात ठरवतो.

हॅरियर ईव्हीत मागची मोटर २३८ पीएसची आहे आणि ती कायमचुंबकाची आहे. पुढची १५८ पीएसची, इंडक्शन प्रकारची. ही निवड मुद्दाम केलेली असते. इंडक्शन मोटरमध्ये कायमचुंबक नसतो, त्यामुळे वीज बंद केली की ती जवळजवळ अडथळा न करता नुसती फिरत राहते. सपाट, कोरड्या रस्त्यावर मागची मोटर गाडी ओढते आणि गरज पडली की पुढची जागी होते.

मग रेंज कमी होते का?

होते, पण फार नाही. प्रयोगशाळेतल्या चाचणीत एका मोटरच्या गाडीची रेंज ६२७ किमी आणि दोन मोटरवाल्या गाडीची ६२२ किमी आहे. प्रत्यक्ष वापरासाठी कंपनी 'सी७५' नावाचा आकडा देते. म्हणजे १०० पैकी ७५ ग्राहकांना निदान एवढी रेंज मिळावी असा अंदाज. तो एका मोटरला ४८० ते ५०५ किमी आणि दोन मोटरला ४६० ते ४९० किमी आहे. फरक साधारण साडेतीन टक्क्यांचा.

हे रुपयांत पाहू. समजा महिन्याला १,००० किमी धावणं आहे, १०० किमीला १८ युनिट वीज लागते आणि घरी युनिटला १० रुपये पडतात. महिन्याचा खर्च झाला १,८०० रुपये. दुसऱ्या मोटरमुळे त्यात ६०-६५ रुपयांची भर पडेल.

पण वरचे दीड लाख ९ टक्के व्याजाने पाच वर्षांत फेडायचे म्हटलं, तर महिन्याचा हप्ता ३,१०० रुपयांच्या आसपास वाढतो. म्हणजे ऑल-व्हील-ड्राइव्ह वापरणं स्वस्त आहे, विकत घेणं महाग.

पावसाळ्यात गाडी जास्त सुरक्षित होते?

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे.

ऑल-व्हील-ड्राइव्हचं काम गाडीला पुढे ढकलणं. ओल्या चढावर गाडी थांबलीय, चिखलात एक चाक नुसतंच गरगर फिरतंय, तिथे उरलेली चाकं गाडी बाहेर काढतात. तिथे त्याचा फायदा खराच मोठा आहे.

पण गाडी थांबवायची असते तेव्हा? ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात, मोटर एक असो वा दोन. ओल्या डांबरावर गाडी किती अंतरात थांबेल हे टायर, वेग आणि वजन ठरवतं. एक्स्प्रेसवेवर साचलेल्या पाण्यावरून टायर तरंगायला लागले, तर चारही चाकं तरंगतात. तिथे दुसरी मोटर काही करू शकत नाही.

उलट एक धोका वाढतो. ओल्या रस्त्यावर गाडी इतकी सहज वेग घेते, की रस्ता निसरडा आहे हे चालवणाऱ्याला कळतच नाही. कळतं ते ब्रेक मारल्यावर. त्यात ही दोन मोटरची गाडी बूस्ट मोडमध्ये ६.३ सेकंदांत ताशी १०० किमी गाठते आणि तिचं वजन दोन टनांच्या वर आहे.

भारत एनकॅपच्या क्रॅश चाचणीत हॅरियर ईव्हीला पाच तारे मिळाले, प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेत ३२ पैकी ३२ गुण. पण ते गुण गाडीचा सांगाडा, एअरबॅग आणि सीटबेल्टचे आहेत. दोन मोटर आहेत म्हणून कोणी जास्त गुण देत नाही.

म्हणून पावसाळ्याआधी पैसे घालायचेच असतील तर ते चांगल्या टायरवर घाला. कायद्याने टायरची नक्षी निदान १.६ मिमी खोल असावी लागते. पण पाणी बाजूला सारण्याचं काम त्याच्या बरंच आधीपासून मंदावतं.

घाटात काय होतं?

वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीमार्गे महाबळेश्वरला जाताना साधारण ६०० मीटरहून जास्त उंची चढावी लागते. माणसं आणि सामान धरून अडीच ते पावणेतीन टनांची गाडी एवढी वर न्यायला, नेहमीच्या खर्चाशिवाय साडेचार-पाच युनिट जास्त लागतात. ७५ युनिटांच्या बॅटरीतले सहा-सात टक्के. घाबरण्यासारखं काही नाही.

उतरताना यातली निम्म्याहून अधिक वीज परत मिळू शकते. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटर जनित्रासारखी चालते, गाडीला रोखते आणि बॅटरी भरते. दोन मोटर असतील तर हे रोखणं पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटून घेता येतं. ओल्या उतारावर हा फायदा खरा आहे, आणि जाहिरातीत त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

एक सवय मात्र लावून घ्यावी लागते. वरच्या हॉटेलात रात्रभर चार्जिंग लावून बॅटरी १०० टक्के केली, तर सकाळी उतरताना परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते. मग रोखण्याचं सगळं काम ब्रेकवर येतं. वर मुक्काम असेल तर ९० टक्क्यांना थांबलेलं चांगलं.

मग ऑल-व्हील-ड्राइव्ह कोणी घ्यावं?

ज्यांच्या रोजच्या रस्त्याचा शेवटचा तुकडा कच्चा आहे, त्यांनी जरूर विचार करावा. कोकणात घरापर्यंत जाणारी लाल मातीची, पावसात साबणासारखी होणारी चढण. शेतावरची वाट. डोंगरातलं गाव. वर्षातून दोनदा लडाख किंवा हिमाचलला जाणारं कुटुंब. अशा ठिकाणी दीड लाख वसूल होतात.

ज्यांची गाडी घर, ऑफिस, शाळा, मॉल आणि सुट्टीत हायवे एवढंच करते, त्यांना एका मोटरची गाडी पुरते. ती मागच्या चाकांवर चालते. चढावर वजन मागे सरकत असल्यामुळे मागच्या चाकांची पकड वाढतेच, आणि चाक घसरलं तर मोटरची ताकद क्षणात कमी केली जाते. डांबरी घाटासाठी एवढं बास आहे.

आणि समुद्रकिनारा? 'सँड' मोड आहे म्हणून गाडी वाळूत घालण्याचा मोह होतो. दर सुट्टीत भरतीच्या पाण्यात अडकलेल्या गाड्यांचे व्हिडिओ येतात, त्यात फोर-बाय-फोरही असतात. दोन टनांची गाडी ओल्या वाळूत रुतली की चारही चाकं मिळून खड्डा आणखी खोल करतात. शिवाय अनेक किनाऱ्यांवर गाडी नेणं हा गुन्हा आहे.

हायवेवर रेंजचं काय?

इथे मोटरच्या संख्येपेक्षा वेग महत्त्वाचा. ताशी १०० ऐवजी १२० ने गेलात तर प्रत्येक किलोमीटरला हवेचा विरोध ४४ टक्क्यांनी वाढतो. समृद्धी महामार्गावर मुंबई ते नागपूर ७०१ किमी जायचं असेल, तर हा हिशेब घरूनच करून निघावं लागतं.

भर हायवेवर १०० किमीला २० युनिट धरा. फास्ट चार्जरवर बॅटरी सहसा १० ते ८० टक्क्यांच्या मध्येच वापरली जाते, म्हणजे दोन थांब्यांमध्ये हाताशी साधारण २६० किमी. १२० किलोवॅटचा चार्जर मिळाला तर २० ते ८० टक्के २५ मिनिटांत होतं असं कंपनी सांगते. वाटेत ३० किलोवॅटचाच मिळाला, तर त्याच कामाला दीड तास.

खरी परीक्षा पार्किंगमध्ये

घरच्या ७.२ किलोवॅटच्या चार्जरवर ही बॅटरी पूर्ण भरायला दहा-अकरा तास लागतात. साध्या १५ अँपिअरच्या प्लगवर जवळजवळ एक दिवस. म्हणजे रात्री प्लग लावायला स्वतःची जागा नसेल, तर मोटर एक की दोन हा प्रश्नच गौण आहे. बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिटचा दर घरच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त असू शकतो आणि इलेक्ट्रिकचा निम्मा फायदा तिथेच संपतो.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या सध्याच्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते. तरी अनेक सोसायट्यांमध्ये वायर कुठून न्यायची, लोड पुरेल का, आग लागली तर जबाबदार कोण, यावर महिनोन्महिने घोळ चालतो. गाडी बुक करण्याआधी हा विषय कमिटीच्या बैठकीत मांडा. डिलिव्हरी झाल्यावर नको.

सवलती दोन्ही गाड्यांना सारख्याच आहेत. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या डिझेल एसयूव्हीवर ४० टक्के. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारना टोलमाफी आहे. यातलं काहीही दुसरी मोटर घेतल्याने वाढत नाही.

बुक करण्याआधी चार गोष्टी

१. पार्किंगमध्ये चार्जिंगची लेखी परवानगी आणि पुरेसा लोड आहे का?

२. गेल्या वर्षभरात तुमची गाडी चिखलात किंवा निसरड्या चढावर किती वेळा अडकली? उत्तर शून्य असेल तर दीड लाख वाचवा.

३. नेहमीच्या लांबच्या वाटेवर फास्ट चार्जर आहेत का, आणि ते किती किलोवॅटचे?

४. बंद पडलेली ऑल-व्हील-ड्राइव्ह इलेक्ट्रिक गाडी चाकं जमिनीवर ठेवून ओढायची नसते, ती सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी लागते. विम्यात किंवा रोडसाइड मदतीत ते येतं का, हे विचारून घ्या.

ऑल-व्हील-ड्राइव्ह ही आता मायलेज खाणारी चैन राहिलेली नाही, हा इलेक्ट्रिक गाडीने केलेला मोठा बदल आहे. पण ते गाडीला चिखलातून बाहेर काढतं, निसरड्या रस्त्यावर थांबवत नाही. घरातल्या माणसांसाठी गाडी घेताना हा फरक लक्षात ठेवायला हवा.