काळजी आणि धडधड

जबलपूरला 1956 साली स्थापन झालेल्या आणि आज राणी दुर्गावतींचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाच्या परीक्षा जवळ आल्या की विद्यार्थ्यांना जे ग्रासते त्याला मानसशास्त्रात ‘परीक्षा-चिंता’ म्हणतात. लिबर्ट आणि मॉरिस यांनी 1967 मध्ये तिचे दोन घटक वेगळे केले, एक काळजी, म्हणजे नापास होण्याचे मनात घोळणारे विचार, आणि दुसरा भावनिक क्षोभ, म्हणजे छातीतली धडधड व घामेजलेले तळहात. गुणांना अधिक बाधते ती काळजी, कारण ती कार्यस्मृती, म्हणजे विचार करताना माहिती तात्पुरती धरून ठेवणारी मनाची जागा, व्यापून टाकते. धडधड उगाच बदनाम होते. काळजीवर अभ्यासाची रीतही उपयोगी पडते: पुस्तक मिटून वाचलेले आठवून लिहिणे हे पुनर्वाचनापेक्षा आठवड्यानंतरच्या स्मरणाला अधिक उपकारक असल्याचे रोडिगर आणि कार्पिक यांच्या 2006 च्या प्रयोगांत दिसले, आणि अशा परीक्षेसारख्याच कृतीने परीक्षेची भीतीही बोथट होऊ शकते (घरच्यांना मात्र पुस्तकात डोके खुपसलेले मूलच अभ्यासू वाटते, हा भाग वेगळा). झोप आणि जेवण सुटून आठवडे लोटले, तर प्रश्न अभ्यासतंत्राचा उरत नाही. अशा वेळी केंद्र सरकारची 2022 पासूनची ‘टेली-मानस’ ही मोफत दूरध्वनीसेवा 14416 या क्रमांकावर उपलब्ध असते आणि तिथे हिंदीप्रमाणे मराठीतही बोलता येते.